सोमवारपासून उजवीकडे

सोमवारी सकाळी श्येन मास्तर उठले तेव्हा त्यांची मान उजवीकडे वळलेली होती आणि तिथून परत यायला ती तयार नव्हती. उशी चुकली असेल, खिडकीतून नदीवरचं वारं लागलं असेल. एकाहत्तराव्या वर्षी एखाद्या सकाळी मान अडकली तर त्यात नवल कसलं? नानचोंगसारख्या दमट गावात तर मुळीच नाही. नवल एवढंच, की ती नेमकी त्या सोमवारी अडकली. कारण त्याच दुपारी लुओ बाईंनी त्यांना प्रश्न विचारला.

मास्तर खरं तर मास्तर नव्हतेच. रेशमाच्या गिरणीच्या वाचनालयात त्यांनी चौतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. हातात सतत पुस्तक दिसलं की आमच्याकडे माणसाला मास्तर म्हणतात, सुटका नसते. लुओ बाई त्याच गिरणीत उकळत्या पाण्यातून कोश काढून धागा ओढायच्या. दोघं निवृत्त झाली, दोघांचे जोडीदार आपापल्या वेळी गेले आणि गेली सहा वर्षं दुपारी तीन वाजता दोघं नदीकाठच्या चहाच्या बागेत शेजारी शेजारी बसत. बांबूच्या दोन खुर्च्या. बाई डावीकडे, मास्तर उजवीकडे. बाई बोलत, मास्तर ऐकत. त्यात कधी फरक पडला नव्हता.

त्या सोमवारी बाई म्हणाल्या, "यालान फोनवर म्हणते, आई, कायमची ये समुद्राकाठी, श्यामनला. गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढते म्हणते. तुमचं काय मत? जाऊ?"

मास्तरांना मत होतं. इतकं होतं की घशात मावेना. पण मत सांगायचं तर माणसाकडे बघून सांगायला हवं, आणि मान उजवीकडे. उजवीकडे एक कान कोरणारा एका लठ्ठ गिऱ्हाइकाच्या कानात पिसांची काडी फिरवत होता आणि ते गिऱ्हाईक डोळे मिटून गुरगुरत होतं. 'माझी मान अडकली आहे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मास्तरांना वाटलं, बाई आयुष्याचं विचारताहेत, आणि आपण मधेच मानेचं रडगाणं कसं काढायचं? म्हणून ते कान कोरणाऱ्याकडे बघत राहिले.

बाईंनी पेल्यावर झाकण ठेवलं. "कळलं," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मंगळवारी डावीकडची खुर्ची रिकामी राहिली. बुधवारी सकाळी मास्तरांनी आयुष्यातला सगळ्यात धाडसी बेत आखला. आजच्या आज मान सरळ करून घ्यायची, बाईंच्या दारात जायचं आणि त्यांच्याकडे नीट बघून सांगायचं, जाऊ नका.

मान सरळ करायची तर डॉक्टर खांग बाईंच्या सुईच्या दवाखान्यात जायला हवं. गाव सारखं तिथे पडलेलं असतं, पण मास्तर कधी गेले नव्हते. डॉक्टरांना उगाच त्रास नको, हे कारण. जाण्याआधी त्यांनी मंगळवारी वाचनालयातून आणलेलं, सुया टोचून करायच्या उपचारांवरचं जाडजूड पुस्तक पुन्हा काढलं, मान वळत नसल्यामुळे ते उजव्या हाताला भिंतीशी उभं करून वाचलं आणि तयारी केली. पुस्तकात होतं, रिकाम्या पोटी जाऊ नये, तुडुंब पोटीही जाऊ नये. घरात टोपलीभर तुती होती. लुओ बाईंच्या अंगणातल्या झाडाची, त्यांनी रविवारी स्वतः आणून दिलेली. तुती चौथ्या दिवशी आंबते. टाकून देणं शक्यच नव्हतं. मास्तरांनी टोपली संपवली आणि मनाशी म्हणाले, हे फार रिकामंही नाही, फार भरलेलंही नाही. मग वाचलं, की डॉक्टर जीभ बघतात. परक्या बाईसमोर जीभ काढायची म्हणजे निदान ती स्वच्छ हवी. त्यांनी ती तीनदा घासली. आणि शेवटी, जीभ दाखवण्यातला अपमान कपड्यांनी भरून निघावा म्हणून त्यांनी बंद गळ्याचा काळा कोट चढवला, आत लोकरीची बंडी, आणि खाली घट्ट नळीची विजार.

दवाखाना म्हणजे एकच मोठी खोली. पडदे आहेत, पण ते ओढले तर गप्पा ऐकू येत नाहीत म्हणून कुणी ओढत नाही. एका खुर्चीत ड्रायव्हर फंग बसले होते. बसगाडी चालवून निवृत्त झालेला हा माणूस, गालफड वाकडं झालं म्हणून आलेला. डाव्या गालात अकरा सुया, आणि उजव्या कोपऱ्यातून बोलणं चालूच. खिडकीपाशी शहाऐंशी वर्षांच्या निंग आजी, दोन्ही गुडघ्यांवर शेकायला लाकडी डब्या बांधलेल्या. डब्यांत दवण्यासारख्या पाल्याची वात धुमसत होती, आणि आजी एखाद्या छोट्या कारखान्यासारख्या धूर सोडत होत्या.

"या मास्तर," फंग उजव्या कोपऱ्यातून म्हणाले. "कुणाचं लग्न आहे?"

"नाही. मान."

"मानेला एवढा कोट?"

डॉक्टर खांग बाईंनी खुर्ची दाखवली. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलण्यात वेळ न घालवणाऱ्या. "जीभ."

मास्तरांनी डोळे मिटले आणि जीभ काढली.

खोलीतल्या सगळ्या माना पुढे आल्या. मग निंग आजी म्हणाल्या, "अगं बाई. आमचे हे गेले तेव्हा त्यांचीसुद्धा एवढी काळी नव्हती."

फंग उठून बघायला आले. इथे दुसऱ्याची जीभ बघायला उठून येण्यात कुणाला काही वाटत नाही. "काळी नाही, आजी. जांभळी. कडेला निळी."

डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटं ठेवली. लाजेने मास्तरांची नाडी उड्या मारत होती. "जीभ म्हणते रक्त साकळलं, नाडी म्हणते माणूस डोंगर चढतोय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तर खुर्चीत बसलाय. सकाळी काय खाल्लं?"

"हलकंच."

"हलकं म्हणजे?"

"फळ."

"कुठलं फळ?"

"हंगामातलं."

"मास्तर, मान दाखवायला आलात की कोडी घालायला?"

"तुती," मास्तर म्हणाले.

"किती?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी टोपलीचा घेर दाखवला. डॉक्टरांनी मनगट सोडलं. "जीभ दाखवायला येताना रंग चढेल असं काही खायचं नाही. तुती नाही, काळा चहा नाही. आणि जीभ घासून यायचं नाही, तिच्यावरचा थर आम्हाला बघायचा असतो."

"घासलीय," मास्तर हळूच म्हणाले. "तीनदा."

"मग आता माझ्यापाशी बघायला काय उरलं?"

"एवढी काळीभोर तुती," फंग आपल्या जागी बसत म्हणाले, "गावात एकाच झाडाला येते. लुओ बाईंच्या."

"हंऽऽ," निंग आजी धुरातून म्हणाल्या. "त्या उद्या चालल्या ना श्यामनला? मी विचारलं, का गं जातेस, इथे सगळं असताना? तर म्हणते, इथे कुणाला पडलंय."

मास्तरांनी उजवीकडच्या भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. इतक्या हळू आवाजात, की आजींनी डब्यांसकट खुर्ची पुढे सरकवली. सोमवार, प्रश्न, मान, कान कोरणारा. आज काहीही करून मान सरळ झाली पाहिजे, नाहीतर उद्या गाडी जाईल आणि बाई असंच समजून जातील.

मग फंग म्हणाले, "अहो, मग दुसऱ्या बाजूला बसायचं होतं की!"

मास्तर थिजले. दोन दिवसांत एक जाडजूड पुस्तक वाचून झालं होतं. मानेच्या सात मणक्यांची नावं पाठ झाली होती. हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

"ती... ती त्यांची बाजू आहे," ते म्हणाले.

"हे घ्या!" आजींनी कपाळाला हात लावला.

"आधी खांदे मोकळे करा," डॉक्टर म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या मालिशवाल्यांकडे वळल्या. "थान उस्ताद, तुमच्याकडे पाठवते. आणि मास्तर, कोट."

कोटाला सात बटणं होती. कोट निघाला, बंडी निघाली, तिच्याखाली आणखी एक बंडी निघाली. "कांदाच आहे हा," फंग म्हणाले. पायावरच्या सुईच्या जागेसाठी विजारीची नळी गुडघ्यापर्यंत चढेना तेव्हा डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "नवे पेशंट म्हणजे असेच. नटून येतात. सैल कपडे घाला, घरात घालता तसले. इथे कुणी फोटो काढत नाही."

थान उस्ताद जन्मापासून आंधळे होते आणि त्यांच्या अंगठ्यांची गावात कीर्ती होती. मास्तर मालिशच्या बाकावर पालथे पडले, तोंड बाकाच्या भोकात. म्हणजे ते पडायला हवं होतं. मान वळत नसल्यामुळे भोकात फक्त डावा कान गेला. उस्तादांनी खांद्यावर अंगठा टेकवला. "जोर कसा आहे? सांगत राहा."

"उत्तम," मास्तर म्हणाले. खरं तर डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. पण एवढ्या नावाजलेल्या कारागिराला, पहिल्याच भेटीत, दुखतं म्हणून कसं सांगायचं?

उत्तम म्हणजे पुरेसं नाही, असं समजून उस्तादांनी जोर वाढवला. "आता?"

"फारच छान."

आणखी वाढवला. "आता?"

"कृपा आहे तुमची," मास्तर म्हणाले, पण ते एवढ्या बारीक आवाजात, की उस्तादांचे हात थांबले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमचं तोंड म्हणतं छान, आणि तुमचा खांदा म्हणतो मेलो. मी दोघांपैकी कुणाचं ऐकू?"

मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली.

"मला दिसत नाही. तुम्ही तोंड वाकडं केलंत ते मला कसं कळणार? आता मी विचारलं की दुखलं तर दुखलं म्हणायचं, ओरडावंसं वाटलं तर ओरडायचं. इथे काल एक फौजदार ओरडला."

"कुठला फौजदार?" निंग आजींनी लगेच विचारलं.

"ते सांगत नसतो."

इकडे हे चाललेलं असताना ड्रायव्हर फंगना एक कल्पना सुचली, आणि त्यांना कल्पना सुचली की ती तोंडातून बाहेर यायला वेळ लागत नसे, तोंड अर्धं असलं तरी. त्यांनी मोबाइल काढला. चहाच्या बागेत बसणाऱ्या सगळ्यांचा एक गट होता. त्यात लुओ बाईही होत्या. फंगनी बटण दाबून धरलं आणि उजव्या कोपऱ्यातून सांगितलं, "ऐका मंडळी. श्येन मास्तरांची मान सोमवारपासून उजवीकडे अडकलीय. ते कुणावर रुसलेले नाहीत, वळताच येत नाही. आत्ता खांग बाईंकडे आहेत. टोपलीभर तुती खाऊन आलेत."

मास्तरांनी ते बाकाखालून ऐकलं. "अहो!" ते ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या तरी अंगावर ओरडले असतील.

"बघा," थान उस्ताद खूश होऊन म्हणाले, "येतं की तुम्हाला."

आता सुई. मानेच्या दुखण्याला डॉक्टर खांग बाई मानेत सुई टोचत नसत. तळहाताच्या मागच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये एक जागा असते. मास्तर हात पुढे करून बसले. मान उजवीकडे असल्यामुळे त्यांना सुई दिसलीच नाही, आणि त्यांना वाटलं, चला, या मानेचा एवढा तरी उपयोग झाला.

"काय वाटतं?" डॉक्टरांनी सुई बोटांत फिरवत विचारलं.

"छान वाटतं."

"छान हे उत्तर नाही. ठणकतं, मुंग्या येतात, फुगल्यासारखं वाटतं की जड वाटतं? यातलं काहीतरी वाटल्याशिवाय सुई लागली असं मी धरत नाही."

"मला तर पहिल्या दिवसापासून कोपरापर्यंत मुंग्या यायच्या," आजी अभिमानाने म्हणाल्या.

"कोपर काय घेऊन बसलात?" फंग म्हणाले. "माझी कळ टाळूत जाते आणि तिथून मागे वळते."

"वळते म्हणे! बस आहे का ती?"

डॉक्टरांनी सुई आणखी किंचित खाली दाबली. मास्तरांना एकाएकी वाटलं, की तळहातातून एक जड, संथ गोष्ट वर सरकते आहे, ओल्या गादीसारखी. ते खरंखुरं दचकले. "जड!" ते म्हणाले. "जड वाटतं! खांद्यापर्यंत!"

"खांद्यापर्यंत," आजी हिरमुसून म्हणाल्या. "पहिल्याच खेपेला."

"उठा आता," डॉक्टर म्हणाल्या. "सुई हातात राहू दे, मूठ आवळू नका. खोलीत फेऱ्या घाला, आणि चालता चालता मान डावीकडे न्या. हळूहळू."

मग मास्तर चालू लागले. पायांत बूट, घट्ट विजार, अंगात आतली बंडी, आणि एक हात छातीपुढे असा धरलेला, जणू त्यावर पोपट बसलाय. पहिल्या फेरीत मान समोर आली. मास्तरांना दोन दिवसांनी समोरची भिंत दिसली आणि तिच्यावरचं कॅलेंडर एखाद्या मित्रासारखं वाटलं. दुसऱ्या फेरीत फंग बस मागे घेताना द्यायचे तशा सूचना देऊ लागले. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे, अजून डावीकडे, जागा आहे!" आजी काठी आपटून ताल धरत होत्या. थान उस्ताद भिंतीला टेकून म्हणाले, "काय चाललंय ते कुणीतरी मलाही सांगा."

"मान समोरून चार बोटं डावीकडे," आजींनी सांगितलं. "पाच. थांबला. का थांबला?"

मास्तर थांबले, कारण डावीकडे दार होतं आणि दारात लुओ बाई उभ्या होत्या.

धावत आल्या होत्या. एका पायात घरातली चप्पल, एका पायात बाहेरची. हातात मोबाइल. "मान अडकली होती?" त्या म्हणाल्या. "मान? सोमवारपासून?"

मास्तरांची मान आता बाईंकडे बघण्याइतकी वळली होती. सगळ्यांनी ते पाहिलं. त्यांनी एक क्षण बाईंकडे बघितलं, कानांपर्यंत लाल झाले, आणि मान आपणहून, काडीचाही त्रास न होता, सर्रकन उजवीकडे वळवून भिंतीकडे बघू लागले.

खोलीभर एक उसासा उठला.

डॉक्टर खांग बाई जवळ गेल्या, मानेला बोट लावून पाहिलं. "मोकळी आहे," त्या म्हणाल्या. "हे दुखणं नाही, हा स्वभाव. याच्यासाठी माझ्यापाशी सुई नाही."

"मी दोन दिवस सामान बांधतेय," लुओ बाईंचा आवाज चढला. "दोन दिवस मनात म्हणतेय, सहा वर्षं ज्या माणसाशी बोलले, त्याला कान कोरणाऱ्यात माझ्यापेक्षा जास्त गोडी! हंडा दिला शेजारणीला. कोंबडी दिली! आणि हे म्हणे मान!"

"कोंबडी कुणाला दिलीत?" आजींनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा, आजी!" लुओ बाई मास्तरांच्या उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी मान डावीकडे नेली. ती अगदी सुरेख गेली. बाई डावीकडे आल्या. मान उजवीकडे गेली. अशा चार खेपा झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "व्यायाम छान होतोय, पण पुरे."

मग मास्तर जमिनीकडे बघू लागले. तिथे कुणीच जाऊन उभं राहू शकत नव्हतं.

"तुमचं काय मत, असं मी विचारलं होतं," लुओ बाई आता हळू बोलल्या. "अजून विचारतेय."

मास्तरांच्या मनात अनेक चांगली वाक्यं तयार होती, पुस्तकांतून वर्षानुवर्षं जमवलेली, आणि त्यातलं एकही आपलं आहे असं त्यांना वाटेना. मुलीकडे समुद्र आहे, नातू आहे. आपल्याकडे काय आहे, एक अडकलेली मान, आणि आता तीही सुटली. आपण कोण सांगणार?

"मला," ते फरशीला म्हणाले, "बरं वाटत नाही."

डॉक्टर खांग बाईंना तीस वर्षांची सवय. "कुठे?" त्यांनी तत्काळ विचारलं.

मास्तरांनी सुई असलेला हात जरा उचलला आणि छातीवर ठेवायला निघाले. "सुई!" सगळे ओरडले. त्यांनी दुसरा हात ठेवला. "इथे."

"काय वाटतं? ठणकतं, मुंग्या येतात, फुगल्यासारखं वाटतं?"

"जड वाटतं."

"केव्हापासून?"

"सोमवारपासून. तीन वाजल्यापासून."

"कशाने वाढतं?"

"गाडीचा विचार केला की."

"आणि कशाने कमी होतं?"

मास्तरांनी मान वर केली. समोर लुओ बाई होत्या. या खेपेला मान ना उजवीकडे गेली, ना डावीकडे.

"त्या समोर आहेत ना," ते म्हणाले, "आत्ता जरा कमी आहे."

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. थान उस्तादांनी मात्र विचारलं, "बाईंचं तोंड कसं झालंय?" आणि निंग आजींनी त्यांना कोपराने ढोसलं.

लुओ बाई आवाजाला धार आणून म्हणाल्या, "मग हे सोमवारी सांगायचं! शेजारणीकडून कोंबडी परत कशी मागायची आता? तिने अंडं खाल्लंसुद्धा असेल."

"मी मागेन," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? तुम्ही तिच्या भिंतीकडे बघत उभे राहाल." त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं, पण आवाज काही त्यांना कमी करता येत नव्हता, गिरणीत यंत्रांच्या वर बोलायची सवय. "यालान? हं, मी. तिकीट परत कर. नाही गं, बरी आहे मी. येईन, नातवाला बघायला नक्की येईन, शरदातल्या चंद्राच्या सणाला येईन, पंधरा दिवस राहीन आणि परत येईन. का म्हणजे? अगं इथे एक पेशंट आहे. नवा आहे. त्याला काही म्हणजे काही माहीत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. लुओ बाईंनी वळून मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बंडी, घट्ट विजार, छातीपुढे धरलेला हात.

"नाही, दिसायला बरा आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "फक्त जीभ जांभळी आहे."